निळ्या रेघेखालची चिप

सोमवार, ४ ऑगस्ट

आज सकाळी गेटवर एक बाई आली आणि माझ्या चहाचं पाणी करून गेली. सांगोल्याकडची, मायाक्का नाव. तिचा नवरा धुळा अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात रोजंदारीवर होता. फेब्रुवारीत उसाच्या मोळ्या आत नेणाऱ्या गव्हाणीच्या मोटरीवरचा चालू बेल्ट तुटला आणि त्याच्या उजव्या हातावर बसला. तीन बोटं गेली. ही हकिकत मला ठाऊक होती, कारण त्या दिवसापासून त्या कारखान्याने आमचा माल घेणं बंद केलं आहे. दुसऱ्या दोन कारखान्यांनीही 'बघू' म्हणायला सुरुवात केली आहे.

बाईने पिशवीतून वीतभर बेल्टचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"ताई, ह्यो पट्टा तुमचाच न्हवं? शिक्का हाय की तुमचा. निळी रेघबी हाय."

मी म्हटलं, "बाई, शिक्का कुणीही पाडून घेतं. निळा रंग कुठल्याही दुकानात मिळतो. आमच्या नावाचा नकली माल बाजारात फिरतोय. हा आमचा नाही."

ती म्हणाली, "हातात घिऊन तरी बगा की."

मी घेतला नाही. तिने तुकडा पिशवीत घातला आणि रिक्षाही न बघता तशीच चालत गेली.

मी काही खोटं बोलले नाही. आमचा बेल्ट असा तुटत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या वडिलांनी, अप्पांनी, हा कारखाना उभा केला तेव्हा मी पाचवीत होते. मोटरीची ताकद यंत्राकडे नेणारे रबरी बेल्ट बनवायचे, एवढंच आमचं काम. पण अप्पांची तपासणी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. शेडच्या मधोमध त्यांनी एक लोखंडी नळी आडवी बसवली आहे. प्रत्येक बेल्ट त्या नळीवर उलटा टाकायचा आणि दोन्ही हातांनी ओढून घडी पडेपर्यंत दुमडायचा. तोही शिक्क्यापाशीच, कारण वरच्या कापडाचा जोड तिथे असतो आणि खोट असली तर तिथेच असते. भेग दिसली तर बाद. नाही दिसली तर शिक्क्याशेजारी निळी रेघ. अप्पा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून एकही बेल्ट माझ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नाही.

आणि ही बाई मला रेघ दाखवते.

बुधवार, ६ ऑगस्ट

स्वतःच गेले अकलूजला. कारखान्याच्या स्टोअरचे मुख्य बापूसाहेब. माणूस गोड बोलतो, पण कागद पुढे सरकवत नाही.

"ताई, तुम्ही नकली म्हणता, मी मानतो. पन चेअरमनला काय दाखवू? शिक्का तर सगळ्यांवरच हाय."

मी म्हटलं, "मग मी खूण आत ठेवते. रबराच्या आत."

"आत म्हंजी?"

"चिप. वायरलेस. बाहेरून रीडर धरला की आतून नंबर येईल. कुठल्या तारखेला, कुठल्या प्रेसवर, कुणी तपासला, सगळं. तो नंबर कुणाला खोडता येणार नाही आणि दुसऱ्याला पाडता येणार नाही."

"गायी-म्हशींच्या कानात घालत्यात तसली?" बापूसाहेब हसले. शेजारचा कारकूनही हसला.

"तसलीच. गाय चालते, बसते. आमचा बेल्ट मिनिटाला हजार वेळा वाकतो. म्हणून ही जास्त पक्की करावी लागेल."

तेव्हा ते हसायचे थांबले. म्हणाले, बॉयलर पेटायच्या आधी दाखवा. जमलं तर या हंगामाचे सगळे बेल्ट तुमचे, आणि तुमच्या नावावरचा डागही गेला. नाही जमलं तर पुन्हा या दारात यायचं नाही. हे शेवटचं ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

परतताना गव्हाणीकडून आले. त्या मोटरीवरची संरक्षक जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर वेल चढला आहे. दुरुस्तीला काढली असणार.

सोमवार, ११ ऑगस्ट

पुण्याहून चिपा आल्या. तांदळाच्या दाण्याएवढी चिप आणि दोन्ही बाजूंना बोटभर सरळ तार. ती तारच हिचे कान आणि तोंड. शिक्क्याच्या बरोबर खाली, रबराच्या दोन थरांमध्ये बसवायची असं मी ठरवलं. म्हणजे कुणालाही सांगता येईल, शिक्क्यावर रीडर धरा.

दहा बेल्ट केले. रबर तापवून दाबणाऱ्या प्रेसमधून बाहेर आले तेव्हा सहा बोलले. रीडर टीं टीं करत होता आणि कापड गुंडाळणारी कमलम्मा हात जोडून बघत होती. संध्याकाळी बेल्ट निवल्यावर मी तपासणी केली, निळ्या रेघा ओढल्या.

ही पुढची ओळ मंगळवारी सकाळी लिहिते आहे. दहापैकी एक जिवंत.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पुन्हा दहा. दहाच्या दहा मुके. "आपल्या रबराला बोललेलं आवडत नाय वाटतं," असं प्रेसवरचे तिप्पण्णामामा म्हणाले. मला हसू आलं नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

शत्रू उष्णता आहे असं मला वाटत होतं. प्रेसची उष्णता थोडी उतरवली, वेळ वाढवला, चिपेला उष्णता सोसणारी पातळ पिशवी शिवली. सोमवारी दुपारी चार वाजता दहापैकी नऊ बोलल्या! पाच वाजता मी नेहमीप्रमाणे तपासणी केली, रेघा ओढल्या, कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी दोन.

म्हणजे उष्णता नाही, थंडी. रबर निवताना आकसतं आणि चिपेला चिरडतं. हे माझ्या लक्षात आल्यावर मी घरून चार चादरी आणल्या आणि बेल्ट गुंडाळून ठेवले, हळूहळू निवावेत म्हणून. आई, म्हणजे आमची अव्वा, विचारते, चादरी कुठे गेल्या. सांगितलं, बेल्टना ताप आला आहे.

आज सकाळीही दोनच. आणि चादरींचा वास आता काही जाणार नाही.

तिप्पण्णामामा अप्पांच्या पहिल्या दिवसापासूनचे. फार बोलत नाहीत. आज मी नळीवर बेल्ट दुमडत होते तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "अक्का, ह्या पिवळ्या दोऱ्याला दुमडलेलं चालत नाय बगा."

बेल्टच्या पोटात ताकदीसाठी दोरे असतात. अप्पांच्या काळी पांढरे होते. गेल्या दिवाळीपासून जड बेल्टना मी पिवळा आणला, पोलादाला लाजवेल असा. महाग आहे, नकलीवाले त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. माझा निर्णय होता आणि मला त्याचा अभिमान आहे.

"मामा, अप्पा दुमडायचे की नाही?"

"दुमडायचे."

"मग झालं. दोरा कुठल्याही रंगाचा असो, अप्पांची तपासणी बदलणार नाही."

ते मान हलवून प्रेसकडे गेले. म्हातारपणी माणसाला नव्या गोष्टींची भीती वाटते.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज कमलम्मामुळे दिवस उजाडला. ती मूळची शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं मागावरच्या सुताच्या कांड्या भरायची. जेवणाच्या सुट्टीत तिने तुटलेली तार उचलून बघितली आणि म्हणाली, "अक्का, ही तार सरळ का ठेवताय? सरळ तार तुटतीच की. साडीतली जर बघा."

पदराच्या काठातून तिने जरीचा एक धागा ओढून काढला आणि नखाने उसवला. आत सुताचा धागा, त्यावर धातूची चपटी तार वेटोळी घेत गेलेली. "साडी हजार वेळा घडी होती, धुती, पिळती. जर तुटती का? ती वेटोळ्यात असती. ओढलं की लांबती, सोडलं की बसती."

मी तो धागा तिच्या हातातून घेऊन ओढून बघितला. मी पॉलिटेक्निक केलेली आणि मला हे सुचू नये! पुण्याच्या लोकांना फोन केला, नुसती चिप आणि बारीक तार वेगवेगळी पाठवा म्हणून. कमलम्माने घरच्या माळ्यावरचा सूत गुंडाळायचा रहाट काढून तारेला वेटोळं द्यायचं कबूल केलं.

तिच्या पदराचा काठ तेवढा उसवला आहे. तिला नवीन साडी घेऊन द्यायची.

सोमवार, ८ सप्टेंबर

वेटोळी तार म्हणजे सोनं आहे. घाईत होते, म्हणून तपासणी मागाहून करू म्हटलं आणि प्रेसमधून काढलेला पहिला बेल्ट तसाच चाचणीच्या गाड्यावर चढवला. दोन पुल्या, एक मोटर. सहा दिवस थांबवला नाही, फक्त रोज सकाळी पाच मिनिटं, रीडर धरायला. रोज सकाळी टीं. शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. मी त्यांना चहा पाजला आणि बरंच काही बोलले, त्यातलं थोडं कमी बोलले असते तर चाललं असतं.

काल बेल्ट उतरवला, राहिलेली तपासणी केली, निळी रेघ ओढली.

आज सकाळी मुका.

चालताना जिवंत आणि थांबल्यावर मेला! हे रबर आहे की सासुरवास सोसणारी सून, काम थांबलं की अंथरूण धरणारी? बाकी नऊ बेल्टही तसेच, प्रेसमधून बोलत आले आणि रात्रीतून गेले. आता मला एकच वाटतं. कुणीतरी मुद्दाम करतंय. शेडची दुसरी किल्ली तिप्पण्णामामांकडे असते. त्यांना हा चिपेचा उद्योग पहिल्यापासून पटलेला नाही. लिहिताना लाज वाटते आहे, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

गुरुवार, ११ सप्टेंबर

नवे सहा बेल्ट तपासून लोखंडी कपाटात ठेवले. किल्ली माझ्या कमरेला.

कुलपातही मेल्या. म्हणजे मामा नव्हेत. त्यांच्यासाठी दुपारी घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेले. त्यांना कारण कळलं नाही, आवडीने खाल्लं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पुण्याला जाऊन आले, मेलेले चार बेल्ट आणि रीडर पिशवीत घालून. चिपवाल्यांचा महेश्वर नावाचा पोरसवदा इंजिनिअर. त्याने बेल्ट चिरले, भिंगाखाली बघितले, एकदा नाही तीनदा. मग म्हणाला, "मॅडम, तार शाबूत आहे, वेटोळं उत्तम आहे. चिप आणि तारेचा सांधा तडकलाय. चारही बेल्टमध्ये एकाच ठिकाणी. तुमचा बेल्ट कुठेतरी उलट्या बाजूने, खूप जोरात दुमडला जातोय."

मी म्हटलं, "आमच्याकडे बेल्ट दुमडत नाहीत. आमच्याकडे तपासणी होते."

"कशी करता तपासणी?"

"ती आमच्या घरची पद्धत आहे, तुम्हाला सांगून कळायची नाही." आणि उठले.

कुर्डुवाडीपर्यंत माझा राग उतरला नव्हता. कालचं पोरगं मला शिकवणार! तीस वर्षं आमच्या शेडमधून बेल्ट जात आहेत, आणि हा म्हणतो, दुमडला जातोय. प्रेसमधून काढताना कुणी आपटत असेल. उद्यापासूनच्या तीन दिवसांत अकलूजच्या बाजूचे दोन कारखाने करून घेते आणि शनिवारी शेडमध्ये ठाण मांडून बसते. चोर सापडल्याशिवाय उठणार नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

चोर सापडला.

सकाळी शेडमध्ये गेले तर पाच बेल्ट नुसते टांगलेले. शिक्का आहे, निळी रेघ नाही. मंगळवारचा माल. मी नव्हते म्हणून तपासणीच झाली नव्हती. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी तिप्पण्णामामांना बोलले. अप्पांची तपासणी चुकवली? चार दिवस बेल्ट तसेच लोंबकळत ठेवले?

मामा म्हणाले, "तुमच्याशिवाय दुमडायचं नाय असा नियम हाय. मी दुमडलं नाय. पन बोलतेत बगा पाचीबी."

रीडर धरला. टीं. टीं. पाचही जिवंत, चार दिवसांनंतर. थंडीने मेले नव्हते, थांबून मेले नव्हते.

मी पहिला बेल्ट उचलून नळीवर टाकला, रागातच, आणि घडी पडेपर्यंत ओढला. भेग नाही. पास. रेघ ओढायला वाकले तेव्हा रीडर दुसऱ्या हातात होता. शिक्क्यावर धरला. काही नाही. पुन्हा धरला. काही नाही.

दुसरा बेल्ट घेतला. आधी रीडर, टीं. मग नळी, मग रीडर. काही नाही.

तिसरा. तसंच.

चौथा मी नळीवर टाकला, हात वर केले आणि तसेच खाली घेतले. सगळी शेड बघत होती. कमलम्माने तोंडावर पदर धरला होता. मामा माझ्याकडे न बघता प्रेसचा हात पुसत होते, जो आधीच पुसलेला होता.

दीड महिना मी रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या हातांनी चिपा मारत होते आणि सकाळी येऊन रबराला शिव्या देत होते.

सोमवार, २२ सप्टेंबर

चिपेचा सांधा तुटला तर दोऱ्याचं काय झालं असेल, हा प्रश्न मला शनिवारीच पडायला हवा होता. तो आज पडला. तिन्ही बेल्ट रेघेपाशी सुरीने उघडले.

पिवळा दोरा ओढायला राजा, पण दुमडायला काचेच्या जातीचा. घडीच्या जागी निम्मे तंतू चुरगळून तुटलेले. बरोबर निळ्या रेघेखाली. वरून रबर गुळगुळीत, कापड शाबूत, भेग नाही. पास. अप्पांचा पांढरा दोरा हे सगळं सोसायचा, त्यांची तपासणी त्यांच्या दोऱ्यासाठी बरोबर होती. दोरा मी बदलला आणि नळी तशीच ठेवली.

पिवळा दोरा गेल्या दिवाळीपासून. धुळाचा हात फेब्रुवारीत.

धुळाचा बेल्ट नकली असू शकतो. असेलच. पण नकलीवाल्याला पिवळा दोरा परवडत नाही. तुकड्याचं टोक बघितलं तर एका क्षणात कळेल. त्या बाईने तेवढंच सांगितलं होतं, हातात घिऊन बगा.

आज यापुढे लिहवत नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

सीना नदीचा पूर, बंद रस्ते, त्यात चार दिवस गेले. खरं सांगायचं तर रस्ते बंद होते तेव्हा मला बरंच वाटत होतं.

आज सांगोल्यापुढच्या त्यांच्या वस्तीवर गेले. पत्र्याचं घर, पुढे मेंढरांचा वाडा. धुळा चाळिशीचा असेल. उजवा हात उपरण्याखाली ठेवून बसला होता. मायाक्काने मला ओळखलं आणि तरी पाणी दिलं.

मी विचारलं, तो तुकडा आहे का? तिने वाड्याच्या फाटकाकडे बोट केलं. फाटकाला बिजागरी नव्हती, तुकडाच दोन खिळ्यांनी ठोकला होता.

जवळ जाऊन बसले. शिक्का अर्धा पुसलेला. निळी रेघ, उजवीकडे किंचित वर गेलेली, माझा हात तसा जातो. तुटलेल्या टोकातून पिवळे तंतू बाहेर आले होते, शेळीच्या दाढीसारखे.

मी उठून धुळाकडे गेले आणि म्हटलं, "बेल्ट आमचा होता. तपासताना मीच आतून तोडला होता. मला कळलं नाही. तुमच्या बायकोला मी खोटं पाडलं. माझं चुकलं."

तो मेंढरांकडे बघतच म्हणाला, "मला म्हाईत हुतं की. बारा वर्सं पट्टं बदलतूया. नकली पट्टा आदी भाजतो, वास येतो, मग तुटतो. ह्यो वास न येता तुटला. चांगल्या मालात खोट हुती."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला? बापूसाहेब म्हनलं, पट्टा नकली, जाळी तूच काढली असशील. तुमी म्हनला, आमचा न्हाय. माझं ऐकायला ऱ्हायलं कोन, मेंढरं?"

"जाळी कुणी काढली होती?"

"मी लागलो तवापास्नं भिताडालाच हाय ती."

वेल चढलेली जाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती आणि दुरुस्तीला काढली असणार असं लिहून मोकळी झाले होते. पान उलटून वाचलं आत्ताच. ६ ऑगस्ट.

मायाक्काने विचारलं, "मंग आता?"

मी म्हटलं, तेरा तारखेला मला कारखान्यात चिप दाखवायची आहे. तुम्ही दोघं याल का? धुळा म्हणाला, यिऊन काय करू? मी म्हटलं, काही करू नका, नुसतं उभे राहा. बाकी मी बोलते. तो म्हणाला, "बगू." कारखाने मला म्हणतात तसंच.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

दरवर्षी आज शेडमध्ये यंत्रांची पूजा. प्रेस, गाडा, कात्र्या, आणि सगळ्यात आधी अप्पांची नळी. अव्वा सकाळीच हळदकुंकू आणि झेंडूची माळ घेऊन आली होती.

मी नळीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि सगळ्यांना सांगितलं की उद्यापासून हिच्यावर एकही बेल्ट दुमडायचा नाही. नव्या तपासणीत बेल्ट दोन पुल्यांवर ताणून सरळ बाजूने फिरवायचा आणि मग रीडर. आणि गेल्या दिवाळीपासून पिवळ्या दोऱ्याचा, निळ्या रेघेचा जो जो बेल्ट बाहेर गेला आहे, तो प्रत्येक परत मागवायचा. बदली बेल्ट आपण देणार.

अव्वाने विचारलं, "तुझ्या अप्पांची तपासणी चुकीची होती म्हणतीस?"

"त्यांची बरोबर होती अव्वा. मी चुकीच्या बेल्टवर केली."

अव्वा माळ हातात घेऊन उभी राहिली. मग नळीला घातली आणि तिप्पण्णामामांना म्हणाली, "काढा ती, वाटेत आडवी येते." मामांनी पान्हा आधीच खिशात ठेवलेला होता.

दुपारी दहा कारखान्यांना फोन केले. सहा जणांनी विचारलं, तुमच्यात खोट आहे हे तुम्ही स्वतः सांगताय? मी म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट बघू का? दोघांनी फोन ठेवला. ठेवू देत. पुन्हा करीन.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहाटे निघालो. तिप्पण्णामामा, मी, गाडीत अकरा बेल्ट. सांगोल्याच्या फाट्यावर धुळा आणि मायाक्का उभे होते. धुळाच्या हातात पोतं होतं. मी काही विचारलं नाही.

बापूसाहेबांनी मोठी तयारी केली होती. मुख्य इंजिनिअर, दोन संचालक, नारळ, फेटे. आधीच पाठवलेला बारावा बेल्ट गेला आठवडाभर त्यांच्याच मोटरीवर चालत होता. तो थांबवून इंजिनिअरने स्वतः रीडर धरला. टीं. पडद्यावर आमचं नाव, तारीख, प्रेस, तपासणी सिद्धेश्वरी, म्हणजे मी. टाळ्या वाजल्या. बापूसाहेब धुळाकडे बघायचं टाळत होते, पण खूश होते.

"वा ताई! आता नकलीवाल्यांची काय बिशाद. मी चेअरमनना सांगितलंय, फेब्रुवारीतला तो पट्टा नकलीच हुता. ते प्रकरन मिटलं. आर्डर तयार हाय."

एवढं सोपं होतं. मी गप्प बसले असते तर डाग गेला होता, हंगाम आमचा होता.

इंजिनिअर एकेका बेल्टवर रीडर धरून नंबर वाचत होता. तेरा, बारा, अकरा, असं करत दोनपर्यंत आला आणि म्हणाला, "मॅडम, बारा बेल्ट आहेत आणि नंबर दोनपासून. एक नंबर कुठंय?"

एक नंबर मी धुळाच्या बेल्टसाठी मोकळा ठेवला होता, पण मी तोंड उघडायच्या आत धुळा पुढे आला. त्याने पोत्यातून फाटकाचा तुकडा काढला, खिळ्यांच्या भोकांसकट, आणि टेबलावर नारळाशेजारी ठेवला.

"एक ह्यो."

बापूसाहेब म्हणाले, "ताई, हे काय?"

मी म्हटलं, "हा आमचा बेल्ट आहे. नकली नाही. खोट आमच्या तपासणीत होती, लिहून आणलं आहे, सही माझी आहे. याच कागदावर हेही लिहिलं आहे की जाळी लावलेली असती तर तुटलेला बेल्ट धुळाच्या हातापर्यंत पोचला नसता. ती आजही भिंतीलाच आहे, येताना बघितली. माझी चूक माझ्या नावावर घ्या आणि तुमची तुमच्या. 'चूक धुळाची' असं कुठल्याच कागदावर येणार नाही."

"ताई, हे तुम्ही बोललाच न्हाई असं आपण समजू."

"समजू नका. एक प्रत चेअरमनच्या टेबलावर ठेवून आले आहे."

संचालक एकमेकांकडे बघू लागले. इंजिनिअरने तुकडा उचलला, पिवळे तंतू बोटावर घेतले, बराच वेळ बघितले. मग शिपायाला म्हणाला, गव्हाणीवरची जाळी आज संध्याकाळपर्यंत बसलेली पाहिजे. ऑर्डरबद्दल कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. बेल्ट मात्र त्यांनी परत दिले नाहीत.

फेटे तसेच टेबलावर राहिले. आम्ही निघालो.

सांगोल्याच्या अलीकडे धुळा म्हणाला, "तुकडा तितंच ऱ्हायला. आता वाड्याच्या फाटकाला काय लावू?"

मी म्हटलं, "उद्याच एक चांगला तुकडा पाठवते."

"पाटवा. पन वाकवून बगितल्याला नगं."

मागे तिप्पण्णामामा पहिल्यांदा मोठ्याने हसले, मग मायाक्का. मीही हसले. फाट्यावर ते दोघं उतरून गेले. तेव्हा मी गाडी कडेला घेतली आणि मामांसमोरच रडले. मामा खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "चला अक्का, प्रेस तापवायचा हाय."

उद्या नंबर चौदापासून सुरू.